किर्चहॉफचे दोन नियम आणि शेवटच्या खांबावरची मोटर

विद्युत परिपथांचे विश्लेषण, म्हणजे रोजच्या बोलण्यात आपण ज्याला सर्किट सोडवणे म्हणतो, तो विषय मी मोर्शी तालुक्यातल्या एका गावात राहून, मोटर वाइंडिंगच्या दुकानात काम करत करत शिकलो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतला इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, त्यानंतर पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला मिळालेला थेट प्रवेश आणि पदविका हाती आल्यावर एनपीटीईएलवरची आयआयटीच्या प्राध्यापकांची मोफत व्याख्याने, असा त्या शिक्षणाचा क्रम होता. आमच्या भागात संत्र्याच्या बागेत आणि कपाशीच्या वावरात मोटर-स्टार्टरशी रोज झटणारी कितीतरी हुशार मुले हा विषय आपल्या आवाक्याबाहेरचा आहे असे ठरवून पहिल्याच वर्षी त्याचा नाद सोडतात. त्यांच्यासाठी मी हे लिहीत आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की या विषयात मूळचे नियम फार थोडे आहेत; पुढची प्रत्येक पद्धत म्हणजे त्याच नियमांनी सोडवताना होणारी दमछाक वाचवण्याची सोय आहे आणि ती दमछाक आधी अनुभवली तरच त्या सोयीचे मोल कळते.

दुकानात आम्हाला पुष्कळ काही येत होते. मेगर लावून वाइंडिंग बॉडीला लागले आहे का ते पाहणे, सिरीज बोर्डवर दिव्याच्या उजेडावरून कॉइल तुटली की शॉर्ट झाली हे ओळखणे, स्टार्टरच्या नुसत्या आवाजावरून फेज गेल्याचे सांगणे, ही कामे आम्ही सहज करत असू. दुकानाचे मालक, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, ते नव्या मुलाला पहिल्या दिवशी एकच वाक्य सांगायचे: “आंधी पाह्य, मंग हात लाव.” ही शिस्त मला पुढे सर्वत्र उपयोगी पडली. तरी या सगळ्या ज्ञानाला एक मर्यादा होती. मीटर लावल्यावर आकडा किती येतो ते आम्हाला कळत असे, पण मीटर लावण्याआधी तो किती यायला हवा हे आमच्यापैकी कोणालाही सांगता येत नसे. विश्लेषण म्हणजे नेमके तेच, आणि म्हणून मी स्वतःला एक नियम घालून घेतला: कोणतेही सर्किट असो, आधी वहीत आकडा काढायचा, मग मीटर लावायचे आणि दोहोंत फरक पडला तर त्याचे कारण सापडेपर्यंत पुढचे प्रकरण उघडायचे नाही.

सुरुवात ओहमच्या नियमापासून झाली. गेऑर्ग ओहमने 1827 मध्ये मांडलेला हा नियम शाळेतच पाठ झालेला असतो, त्यामुळे त्याच्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. मी तो सिरीज बोर्डवर तपासायला घेतला. 40 वॅटचा आणि 100 वॅटचा असे दोन तारेचे दिवे एकामागे एक जोडले. 230 व्होल्टवर 100 वॅटच्या दिव्याचा रोध 529 ओहम आणि 40 वॅटच्या दिव्याचा सुमारे 1322 ओहम निघतो. दोघांतून एकच करंट जात असल्यामुळे व्होल्टेज रोधाच्या प्रमाणात वाटले जाईल आणि 40 वॅटच्या दिव्यावर साधारण 164 व्होल्ट येतील, असा हिशेब वहीत मांडला. लहान दिवा जास्त उजेड देणार हे भाकीत खरे ठरले, पण मीटरने त्याच्यावर 190 च्या वर व्होल्ट दाखवले. हा फरक मीटरच्या दोषाने पडण्याइतका लहान नव्हता. कारण असे की टंगस्टनच्या तारेचा रोध तापमानाबरोबर वाढतो. पूर्ण तापलेल्या दिव्याचा रोध थंड दिव्याच्या दहा-पंधरा पट असू शकतो. या जोडणीत 100 वॅटचा दिवा जेमतेम लालसर होतो, म्हणून त्याचा रोध 529 ओहमच्या बराच खाली राहतो आणि व्होल्टेजचा आणखी मोठा वाटा लहान दिव्याकडे जातो. नियम कोणत्या अटीवर चालतो हे पुस्तकात एका ओळीत दिलेले असते. त्या ओळीचा अर्थ मला या दोन दिव्यांनी समजावला आणि पुढे प्रत्येक प्रमेय शिकताना त्याच्या अटी आधी वाचण्याची सवय लागली.

मग किर्चहॉफचे दोन नियम आले. गुस्ताव्ह किर्चहॉफने ते 1845 मध्ये मांडले, तेव्हा तो कोनिग्सबर्गच्या विद्यापीठात शिकणारा एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. पहिला नियम सांगतो की जोडबिंदूवर आलेला आणि गेलेला करंट सारखाच असतो. ओलिताच्या पाटाला फाटे फुटतात तिथे आलेले पाणी आणि पुढे गेलेले पाणी यांचा मेळ बसावा, तसा. दुसरा नियम सांगतो की कोणत्याही बंद वाटेने फिरून परत आल्यावर व्होल्टेजच्या चढउतारांची बेरीज शून्य होते. नियम समजायला पाच मिनिटे लागतात, पण ते वापरण्याचा हात बसायला पुष्कळ दिवस जातात आणि त्याला कारण म्हणजे चिन्हे. करंटची दिशा आधीच कशी ठरवणार, हा प्रश्न प्रत्येक शिकणाऱ्याला अडवतो. त्याचे उत्तर मिळाले तेव्हा मला फार मोकळे वाटले: दिशा कोणतीही धरावी, बाण काढावा आणि तो शेवटपर्यंत बदलू नये. उत्तर ऋण आले तर करंट बाणाच्या उलट वाहतो, एवढाच त्याचा अर्थ. ज्या टोकातून करंट घटकात शिरतो ते टोक धन मानायचे, ही एक खूण पक्की धरली की चिन्हांचा गोंधळ संपतो. शिकवताना या खुणेवर पहिले दोन आठवडे घालवावेत, असे माझे मत आहे. आपल्याकडे त्यावर जेमतेम अर्धा तास दिला जातो.

सिरीज आणि पॅरलल जोडण्या सोप्या करत जाणे जमू लागल्यावर सगळीच सर्किटे याच वाटेने सुटतील असे वाटू लागते. तो समज व्हीटस्टन ब्रिज दूर करतो. मी फवारणी पंपाची 12 व्होल्टची बॅटरी घेतली आणि रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून 1 व 2 किलोओहमचे रोध आणले. डाव्या फांदीत वर 1 आणि खाली 2, उजव्या फांदीत वर 2 आणि खाली 1 आणि दोन्ही फांद्यांच्या मध्यबिंदूंना जोडणारा 1 किलोओहमचा पूल, अशी मांडणी केली. या पाच रोधांपैकी कोणतेही दोन धड सिरीजमध्येही नाहीत आणि पॅरललमध्येही नाहीत. तेव्हा किर्चहॉफकडे परत जाण्यावाचून गत्यंतर राहत नाही. प्रत्येक फांदीचा करंट वेगळा धरला तर सहा अज्ञात आणि सहा समीकरणे होतात. ती मी एकदा सगळी लिहून, एकात दुसरे घालत सोडवली. त्यानंतर बिंदूंची, म्हणजे नोडल पद्धत वापरली. बॅटरीचे ऋण टोक शून्य मानले, की अज्ञात फक्त दोन उरतात: डाव्या मध्यबिंदूचे व्होल्टेज आणि उजव्याचे. दोन समीकरणांतून डावीकडे 6.86 व्होल्ट, उजवीकडे 5.14 व्होल्ट आणि पुलातून 1.71 मिलिअँपिअर करंट निघाला. मीटरचे आकडे रोधांच्या पाच टक्के फरकाच्या मर्यादेत याच्याशी जुळले. आधीच्या सहा समीकरणांनी पानभर जागा व्यापली होती, नोडल पद्धतीला चार ओळी पुरल्या; कोणता नियम कुठे गेला हेही त्या चार ओळींत स्पष्ट दिसत होते, कारण पानभर मांडणी मी आधी केलेली होती.

तोच ब्रिज थेवेनिनच्या प्रमेयाने सोडवताना मला या विषयाची गोडी खऱ्या अर्थाने लागली. लिऑन थेवेनिन हा फ्रान्सच्या तार खात्यातला अभियंता होता आणि त्याने हे प्रमेय 1883 मध्ये प्रसिद्ध केले; हेल्महोल्ट्झने तीच गोष्ट 1853 मध्ये सांगून ठेवली होती. दोन टोकांमागे कितीही गुंतागुंतीचे, पण रेषीय सर्किट असले तरी बाहेरून पाहणाऱ्याला ते एक व्होल्टेज आणि त्याच्या मागोमाग एक रोध एवढेच दिसते. पूल काढून टाकला तर मध्यबिंदूंत 8 वजा 4, म्हणजे 4 व्होल्ट. बॅटरीच्या जागी नुसती तार कल्पिली तर रोध 1.333 किलोओहम. त्यात पुलाचा 1 किलोओहम मिळवून 4 ला 2.333 ने भागले की तोच 1.71 मिलिअँपिअर. शिवाय पुलाचा रोध बदलून नवा करंट हवा असेल तर सगळे पुन्हा मांडावे लागत नाही, एक भागाकार पुरतो.

याच प्रमेयाने मला वावरातल्या विजेकडे पाहायला शिकवले. आमच्या बागेचे कनेक्शन डीपीपासून, म्हणजे वीज वाटणाऱ्या ट्रान्सफॉर्मरपासून लांब, लाईनच्या शेवटच्या खांबावर आहे. मोटर बंद असताना व्होल्टेज ठीक दिसते आणि मोटर सुरू केली की ते कोसळते, ही तक्रार आमच्याकडे पिढीजात आहे. म्हणजे डीपीपासून आमच्या स्विचपर्यंतचा सगळा पसारा हाच एक थेवेनिनचा डबा झाला. शेजारच्या मोटरी बंद असतात अशा वेळी, मोटरीऐवजी पाणी तापवायचा 2000 वॅटचा रॉड लावून मी मोजणी केली. मोटरीचा करंट व्होल्टेजच्या मागे पडतो, त्यामुळे तिच्यावर केलेली सरळ वजाबाकी फसवी ठरते. रॉडचा भार बहुतांशी निव्वळ रोधाचा असतो. विनाभार 228 व्होल्ट, भारावर 196 व्होल्ट आणि क्लॅम्प मीटरवर 7.4 अँपिअर. 32 ला 7.4 ने भागले की लाईनचा अंतर्गत रोध सुमारे 4.3 ओहम. तारेचे रिअ‍ॅक्टन्स, म्हणजे बदलत्या धारेला रोधाखेरीज होणारा अडथळा, यात वेगळे काढलेले नाही, हे मान्य. पण कामापुरते हे उत्तर चांगले आहे.

या एका आकड्यातून किती गोष्टी उलगडल्या ते सांगितले पाहिजे. शेजाऱ्याने आणखी एक मोटर लावली तर माझे व्होल्टेज किती खाली जाईल, याचा अंदाज आता मला बांधता येतो. याहून गंभीर बाब अशी, की शेवटच्या खांबावर फेज आणि न्यूट्रल तारा एकमेकींना चिकटल्या तरी करंट 228 भागिले 4.3, म्हणजे सुमारे 53 अँपिअरच्या पलीकडे जाऊच शकत नाही. डीपीत फ्यूज वारंवार उडतो म्हणून कोणी त्या जागी जाड तार टाकलेली असेल, तर एवढ्या करंटने ती वितळेलच याची खात्री राहत नाही आणि तुटलेली तार जमिनीवर जिवंत पडून राहते. जाड तारेचा फ्यूज घातक असतो हे काका आम्हाला सांगतच होते. तो किती घातक आहे आणि डीपीजवळच्या घरापेक्षा शेवटच्या वावरात अधिक घातक का, हे भागाकाराने दाखवता येऊ लागले तेव्हा मला हा अभ्यास निव्वळ परीक्षेपुरता राहिला नाही असे वाटले.

सुपरपोझिशन, नॉर्टन, महत्तम शक्तीचे प्रमेय ही प्रकरणे यानंतर लवकर हातावेगळी झाली. थेवेनिन पक्का असला की ती फार अडवत नाहीत. त्यामुळे थेट काळाबरोबर बदलणाऱ्या सर्किटांकडे वळतो.

कपॅसिटर आणि इंडक्टर आले की बीजगणित संपून कलनशास्त्र सुरू होते आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून आलेला विद्यार्थी इथे हमखास थबकतो. मी अवकलनाची तोंडओळख गावातल्या एका बारावीच्या विद्यार्थ्याच्या पुस्तकातून करून घेतली, पण त्या समीकरणावर विश्वास बसला तो एका साध्या प्रयोगाने. 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 10 किलोओहमच्या रोधातून 12 व्होल्टच्या बॅटरीला जोडला. रोध आणि धारकता यांचा गुणाकार 10 सेकंद. म्हणजे सारे काही इतके सावकाश घडते की मीटरकडे पाहत, मोबाइलवरच्या घड्याळाच्या मदतीने वहीत आकडे लिहिता येतात. 10 सेकंदांनी अंतिम व्होल्टेजच्या 63.2 टक्के, म्हणजे सुमारे 7.6 व्होल्ट, 20 सेकंदांनी 86.5 टक्के आणि 50 सेकंदांनी 99 टक्क्यांच्या वर, असे सूत्र सांगते. माझे आकडे थोडे उशिराने येत होते, कारण अशा कपॅसिटरची खरी धारकता छापलेल्या आकड्याहून वीस टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असू शकते. आलेख कागदावर बिंदू मांडून वक्र काढला आणि त्यावरूनच कपॅसिटरची खरी किंमत उलट काढली. सूत्राने भाकीत करणे आणि मोजणीवरून सूत्रातली राशी शोधणे या दोन्ही दिशा एकाच आलेखात दिसल्या. दुकानात पॅनेलचे कपॅसिटर तपासताना मी आजही याच आलेखाचा विचार करतो.

प्रत्यावर्ती धारेत, म्हणजे एसीत, पहिला धक्का ट्यूबलाइटने दिला. जुन्या पद्धतीच्या 40 वॅटच्या ट्यूबला तांब्याच्या तारेचा चोक असतो. चालू ट्यूबवर मीटर साधारण 105 व्होल्ट दाखवते आणि चोकवर साधारण 200. दोन्हींची बेरीज 305, आणि पुरवठा 230 व्होल्टचा. किर्चहॉफचा दुसरा नियम इथे मोडला की काय, असे वाटण्याजोगीच ही स्थिती आहे. पण नियम मोडत नाही. तो प्रत्येक क्षणाच्या व्होल्टेजला लागू असतो आणि मीटर दाखवते ते पूर्ण आवर्तनाचे परिणामी मूल्य. चोकचे व्होल्टेज आपल्या शिखरावर पोहोचते तेव्हा ट्यूबचे शून्याच्या जवळपास असते. काटकोन त्रिकोणाच्या नियमाने 105 आणि 200 ची बेरीज केली तर 226 येते आणि उरलेला थोडा फरक चोकच्या तारेच्या स्वतःच्या रोधाचा आणि ट्यूबच्या ओबडधोबड तरंगाचा.

ही बेरीज दरवेळी साइनच्या तरंगांनी करत बसणे फार कष्टाचे आहे. मी ती काही उदाहरणांत मुद्दाम तशीच केली. त्यानंतर सम्मिश्र संख्या, म्हणजे वास्तव आणि काल्पनिक असे दोन भाग असलेल्या संख्या, शिकलो. चार्ल्स स्टाइनमेट्झने 1893 मध्ये शिकागोच्या विद्युत परिषदेत त्यांचा वापर एसी सर्किटांसाठी मांडला आणि तेव्हापासून जगभरचे अभियंते हीच पद्धत वापरतात. तिचे सार असे, की वारंवारता ठरलेली असेल तर इंडक्टर आणि कपॅसिटर हेही एक प्रकारचे रोधच मानता येतात, फक्त त्यांच्या किमती काल्पनिक अक्षावर पडतात. 50 हर्ट्झवर 1 हेन्रीच्या इंडक्टरची किंमत सुमारे 314 ओहम धन बाजूला, तर एकफेजी पंपाच्या पॅनेलमधल्या 36 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरची सुमारे 88 ओहम ऋण बाजूला. एकदा हे मानले की नोडल, मेश (बंद वाटांच्या करंटची पद्धत), थेवेनिन, सगळी जुनी हत्यारे जशीच्या तशी चालतात. डीसीवरचा माझा वेळ इथे पुरेपूर वसूल झाला.

पॉवर फॅक्टरचा, म्हणजे ओढलेल्या एकूण विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा किती याचा, हिशेब याच वळणाने आला. पाच अश्वशक्तीची मोटर 0.75 पॉवर फॅक्टरवर 4.5 किलोवॅट घेत असेल, तर 415 व्होल्टवर तिचा लाईन करंट सुमारे 8.4 अँपिअर होतो. अंदाजे 2.5 केव्हीएआरचा (कामी न येणाऱ्या, नुसत्या ये-जा करणाऱ्या विजेचे माप) कपॅसिटर मोटरीला समांतर जोडला तर पॉवर फॅक्टर 0.95 होतो आणि लाईन करंट सुमारे 6.6 अँपिअरवर येतो. मोटर तेवढेच पाणी उपसते, तिच्या वाइंडिंगमधला करंटही तोच राहतो. कमी होतो तो लाईनमधला करंट, आणि त्यामुळे लाईनवर पडणारे व्होल्टेजही वाचते. शेवटच्या खांबावरच्या माणसाला याहून स्वस्त उपाय माझ्या माहितीत नाही. पण स्टार्टरजवळ टांगलेला तो डबा मोटर जाळतो, असा समज करून तो काढून ठेवलेला मी अनेक वावरांत पाहिला आहे. तिथे मी वहीच काढून बसतो आणि आकडे दाखवतो.

लाप्लास रूपांतराबद्दल थोडक्यात सांगतो. सुरू करतानाचा झटका आणि नंतरचे स्थिर चालणे ही दोन वेगळी प्रकरणे म्हणून शिकलेला विद्यार्थी लाप्लासपाशी पोहोचला की ती एक होतात: अवकलनाच्या जागी एका चलाने गुणणे येते, इंडक्टर आणि कपॅसिटर त्या चलाच्या भाषेत पुन्हा रोधासारखे वागतात आणि समीकरणे पुन्हा किर्चहॉफचीच राहतात. त्यापुढचे टू-पोर्ट, आलेख सिद्धान्तावरची मांडणी, टेलेजेनचे 1952 चे प्रमेय हे भाग मी व्याख्यानांतून केले. मोठी सर्किटे सोडवायला संगणकावर स्पाइस हा प्रोग्राम वापरला. तो 1973 मध्ये बर्कलेच्या विद्यापीठातून बाहेर आला आणि त्याच्या पोटातही नोडल समीकरणांचीच मांडणी आहे. चार ओळींत सुटणारा तो ब्रिज हाताने केलेला असल्यामुळे स्पाइस काय करतो ते मला परके वाटले नाही. हाताने दोन बिंदूंचे सर्किट न सोडवता थेट सॉफ्टवेअरवर बसणाऱ्या विद्यार्थ्याला आकडे मिळतात, पण ते पटण्यासारखे आहेत की नाहीत हे त्याला कसे ठरवता येणार, अशी चिंता मला वाटते.

तीनफेजी सर्किटांपाशी आलो तेव्हा दुकानात इतकी वर्षे डोळ्यांपुढे असलेली एक गोष्ट समजली. जळालेली मोटर उघडली की स्टेटरच्या तोंडाशी कॉइलचे गुच्छ दिसतात. दोन पोलांच्या तीनफेजी मोटरीत असे सहा गट असतात, प्रत्येक फेजचे दोन, समोरासमोर. ओव्हरलोडने जळालेल्या मोटरीत सहाही काळे पडतात. पण फेज जाऊन जळालेल्या काही मोटरींत चार गट काळे आणि दोन चकचकीत असतात, तर काहींत समोरासमोरचे दोनच काळे आणि चार शाबूत. काकांना हे दोन्ही प्रकार पाहताक्षणी ओळखू येतात. किर्चहॉफने त्याचे कारण सांगितले. स्टार जोडणीत तिन्ही वाइंडिंगची एकेक टोके एका बिंदूत जोडलेली असतात; तिथे एक फेज गेला की त्या फेजच्या वाइंडिंगला करंटच मिळत नाही आणि उरलेली दोन एकामागे एक होऊन सगळा भार सोसतात; म्हणून चार गट काळे. डेल्टात तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात जोडलेली असतात; तिथे एक फेज गेला की एक वाइंडिंग थेट दोन जिवंत फेजांच्या मध्ये राहते आणि बाकीची दोन सिरीज होऊन त्याला समांतर येतात. म्हणजे पहिल्यातला करंट इतरांच्या दुप्पट आणि उष्णता चौपट. म्हणून दोनच गट काळे. फिरत्या मोटरीत प्रमाण थोडे बदलते, पण चित्र हेच राहते. त्यानंतर कितीतरी मोटरी मी काकांबरोबर उघडल्या आणि जोडणी पाहण्याआधीच डागांवरून स्टार की डेल्टा ते वहीत लिहिले.

फेज पूर्ण गेला नसेल, नुसता कमी-जास्त असेल, तरी मोटर का तापते याचे उत्तर फॉर्टेस्क्यूच्या 1918 च्या सममित घटकांच्या पद्धतीत आहे. कोणताही असमतोल तीनफेजी पुरवठा तीन समतोल संचांत विभागता येतो. त्यातला उलट क्रमाचा संच मोटरीत उलट फिरणारे क्षेत्र तयार करतो. त्या संचाला मोटर जवळजवळ थांबलेल्या मोटरीसारखी दिसते, म्हणजे तिचा अडथळा फार कमी. सुरू होताना मोटर सहापट करंट घेत असेल, तर उलट क्रमाचे 3 टक्के व्होल्टेज सुमारे 18 टक्के उलट करंट आत ढकलते आणि तो करंट कामाचा नसून नुसत्या उष्णतेचा असतो. रात्रीच्या पाळीत तीन फेजांवर तीन वेगळे आकडे दिसले की मोटर चालवावी की नाही, हा निर्णय आता मी या हिशेबावर घेतो.

शेवटचे उदाहरण गावठाणातले आहे. डीपीजवळ न्यूट्रल तुटली की काही घरांत दिवे मिणमिणतात आणि काही घरांत टीव्ही, फ्रिज जळतात. आमच्या गावात हे घडल्यावर लोकांचे म्हणणे होते की कोणीतरी जास्त व्होल्टेज सोडले. मी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मिलमनच्या प्रमेयाने, म्हणजे अनेक फांद्या मिळतात त्या बिंदूचे व्होल्टेज एका सूत्रात काढण्याच्या पद्धतीने, हिशेब मांडून दाखवला. एका फेजवर 10 ओहमचा जड भार आणि उरलेल्या दोन फेजांवर 50-50 ओहमचे हलके भार धरले, तर तुटलेल्या न्यूट्रलचा बिंदू शून्यावर न राहता 131 व्होल्टवर सरकतो. जड भाराच्या घरांना 99 व्होल्ट मिळतात आणि हलक्या भाराच्या घरांना 317. डीपीतून निघणारे व्होल्टेज तिन्ही फेजांवर 230 च असते. सम्मिश्र संख्या मी फळ्यावर लिहिल्या नाहीत. तीन बाण काढले आणि त्यांचा मधला बिंदू सरकवून पट्टीने लांबी मोजून दाखवली. दिवे अचानक नेहमीपेक्षा प्रखर झाले तर स्टॅबिलायझर शोधत न बसता आधी मेन स्विच बंद करायचा आणि मग लाईनमनला फोन करायचा, हे त्या बैठकीत ठरले आणि तशी सूचना पंचायतीने फळ्यावरच लिहून ठेवली.